पाण्याचा काटा उशिरा बोलतो, बंदीतच धुराचा काटा बसवून घ्या

मच्छीमार बांधवांनो आणि घरच्या मंडळींनो,

१ जूनपासून बोटी जेटीला लागल्या आहेत. ३१ जुलैपर्यंतच्या या ६१ दिवसांत कोण तळ घासतोय, कोण जाळी दुरुस्त करतोय, कोण गिअर उघडून बसलाय. इंजिनाची कामंही याच दिवसांत निघतात, म्हणून हा विषय आत्ताच मांडतो. आमचं मत स्पष्ट आहे. दर ट्रॉलरच्या इंजिनाला सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराची उष्णता दाखवणारा मीटर हवा, आणि तो बोट पाण्यात उतरायच्या आधी बसलेला हवा. मेकॅनिक लोक त्याला पायरोमीटर म्हणतात, कोणी ईजीटी मीटर म्हणतात. आपण त्याला धुराचा काटा म्हणू.

काही जण लगेच विचारतील, पाण्याचा काटा आहे, ऑइलचा आहे, तिसरा कशाला?

डिझेल इंजिनात जेवढं डिझेल जास्त जळतं तेवढी उष्णता जास्त. लोड वाढला की फेरे टिकवायला गव्हर्नर आपणहून जास्त डिझेल सोडतो. हवा पुरेनाशी झाली की काळा धूर येतो आणि मॅनिफोल्डमधली उष्णता भराभर चढते. ही चढण धुराच्या काट्यावर काही सेकंदांत दिसते. पाण्याचं तसं नाही. आधी हेड तापतं, ब्लॉक तापतो, मग सगळं पाणी तापतं, आणि थर्मोस्टॅट तर पाणी एका ठरावीक अंशावर धरून ठेवण्यासाठीच असतो. त्यामुळे कूलर साफ असेल तर पाण्याचा काटा आपल्या जागी शांत बसलेला असतो आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व भाजत असतात. तो काटा हलेपर्यंत पिस्टन, हेड, टर्बो यातलं काहीतरी जायला लागलेलं असतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचे असतात. वितळायच्या पुष्कळ आधीच ते नरम पडतात. आतून ऑइल लागतं म्हणून ते टिकतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

डिझेल जीप बाळगणारी हौशी पोरं हा मीटर गाडीला लावतात, ते अनेकांनी बघितलं असेल. लोक हसतात, पण पोरांचं बरोबर आहे. अनमोडचा घाट भरल्या गाडीने चढताना काटा वर जातो, मग एक गिअर खाली टाकायचा, ॲक्सिलेटर सोडायचा. घाट संपला की काटा उतरतो. आपल्या ट्रॉलरला मात्र जाळं टाकल्यापासून ओढेपर्यंत दोन-तीन तास नुसता घाटच असतो. उतार नाही, सपाटी नाही. ज्या गाडीला दिवसातून अर्धा तास चढ लागतो तिला मीटर, आणि जिच्यावर सात-आठ माणसांचा जीव आणि घराचं कर्ज आहे त्या बोटीला नाही, हे काही पटत नाही.

"आमचा ड्रायव्हर आवाजावरून सांगतो," असंही ऐकू येतं. जुन्या ड्रायव्हरांचा कान आम्ही मानतो. पण रात्री, विंच चालू असताना, वायरलेस ओरडत असताना तो कान किती काम देणार? काळा धूर अंधारात कोणाला दिसतो? आता खलाशी ओडिशातून, झारखंडातून येतात, दर हंगामाला चेहरे बदलतात. कान तयार व्हायला दहा वर्षं लागतात. आकडा पहिल्या दिवसापासून वाचता येतो.

आपल्याच घरांतले कितीतरी जण मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी करून आलेत. त्यांना विचारा. तिथे दर सिलिंडरच्या धुराची उष्णता वेगळी दिसते आणि ती लॉगबुकात उतरते. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा हटला, की त्याचा इंजेक्टर नाहीतर व्हॉल्व बघायचा. आपल्याला एवढं नको. मॅनिफोल्ड एकत्र येतो तिथे एक प्रोब बसला तरी पुष्कळ झालं.

आता बसवण्याबद्दल, कारण चुकीचा बसवलेला काटा नसल्यापेक्षा वाईट.

प्रोब टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर यायला हवा. टर्बोच्या पुढे बसवला तर आकडा शंभर अंशांनी किंवा त्याहूनही कमी दिसू शकतो आणि तो फरक लोडप्रमाणे बदलत राहतो. ज्या बोटींच्या सायलेन्सरमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असतं, त्यांनी तर पाणी मिसळायच्या जागेच्या पुढे कधीच लावू नये, तिथे फक्त पाण्याची उष्णता कळेल. प्रोबचं टोक धुराच्या मधोमध पोचलं पाहिजे, कडेला टेकलेलं नको.

काही इंजिनांच्या मॅनिफोल्डला आधीच प्लग असतो. तो नसेल तर भोक पाडून आटे पाडावे लागतात. मॅनिफोल्ड खाली उतरवूनच हे काम करा. बिडाचा चुरा आत राहिला तर तो पहिल्या स्टार्टलाच टर्बोच्या पात्यांवर जाणार. "जागेवरच मारतो, ग्रीस लावून मारतो, काही होत नाही" असं सांगणारा मेकॅनिक भेटेल. बोट तुमची आहे, टर्बोचे पैसेही तुमचेच जाणार. बंदीत दोन महिने हातात असताना ही घाई कशाला? इंजिन वॉरंटीत असेल तर ड्रिल लावण्यापूर्वी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

वायरीचं एक पक्कं लक्षात ठेवा. हे प्रोब बहुतेक के टाइपचे असतात, दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. केबिनपर्यंत वायर पुरत नाही म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडली की आकडा खोटा येतो. के टाइपचीच वाढीव वायर घ्यायची. शिवाय काही वायरींत लाल तार ही निगेटिव्ह असते, त्यामुळे सवयीने लाल तार प्लसला लावू नका, मीटरसोबतचा कागद बघा. जोड खाऱ्या हवेपासून झाकून ठेवा. सप्लायला फ्यूज टाका, आणि मीटर घेताना तो १२ व्होल्टचा की २४चा ते बघा. बझरवाला मिळाला तर तोच घ्या.

किती अंश म्हणजे जास्त, हा प्रश्न सगळे विचारतात. सगळ्यांना लागू होईल असा एक आकडा नाही. तुमच्या मॉडेलची मर्यादा डीलरकडून घ्या. तिच्यापेक्षाही उपयोगाचा आहे तो तुमच्या स्वतःच्या बोटीचा आकडा. बंदी उठल्यावर तळ साफ, फिल्टर नवा, इंजेक्टर तपासलेले अशी बोट बाहेर पडेल, तेव्हा जेटीला उभी असताना, रिकामी चालताना आणि जाळं ओढताना किती आरपीएमला किती अंश, ते वहीत लिहा. डिसेंबरात त्याच आरपीएमला काटा चाळीस-पन्नास अंश वर दिसला तर काहीतरी बदललंय. तळाला शिंपले धरले असतील, एअर फिल्टर चोंदला असेल, पंख्याला दोर गुंडाळला असेल, नोझल टपकत असेल. किंवा इंजिनरूमच्या हवेच्या झडपेवर कोणीतरी जाळ्याचा ढीग रचला असेल, हे तर नेहमीचंच. गरम हवा विरळ असते, इंजिनाला श्वास पुरत नाही.

आता थोडं मालकांना उद्देशून. शेजारच्यापेक्षा जास्त ओढायला हवी म्हणून पंखा एक साइज मोठा बसवायची खोड आपल्याकडे आहे. मग इंजिन आपले पूर्ण फेरे कधीच घेत नाही, कायम दबलेलं चालतं आणि आतून भाजत जातं. हेड गेलं की बोल मात्र तांडेलाला. धुराचा काटा इथे खरं सांगेल, आणि ते मालकाला आवडेलच असं नाही. म्हणून आमचं म्हणणं आहे की हा मीटर तांडेलावर पाळत म्हणून लावू नका. तो तांडेलाच्या डोळ्यांसमोर हवा, त्याने वाचायला. काटा वर गेला म्हणून त्याने थ्रॉटल कमी केलं, त्या ओढीला मासळी कमी आली, तर मालकाने तोंड वाकडं करायचं नाही. ही बोली आधीच होऊ दे. नाहीतर तांडेल बझरची वायर काढून ठेवेल, आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण त्याची पाती मासळीवर ठरते, इंजिनावर नाही.

लिलावाला पहिलं पोचायच्या शर्यतीतही तेच. फेरे दहा टक्के उतरवले तर पंख्याला लागणारी ताकद पाव भागाहून जास्त कमी होते, डिझेलही त्याच मानाने वाचतं. पोचायला थोडा उशीर होईल. त्या उशिराने दर किती पडतो आणि डिझेल किती वाचतं, हा हिशेब प्रत्येक घराने एकदा कागदावर मांडून बघावा. घरात पैसे सांभाळणाऱ्या बायका तो बरोबर मांडतील.

आगीचंही बोललं पाहिजे. आपल्या लाकडी बोटींत तापलेला पाइप डेकच्या फळ्यांजवळून वर जातो, खाली डिझेल मुरलेलं लाकूड आणि बाजूला नायलॉनची जाळी. भर समुद्रात तिथे पेट घेतला तर उतरायला जागा नसते.

हा काटा सगळं सांगत नाही. ऑइल प्रेशर तो दाखवत नाही. होज फुटून पाणी गेलं तर तेही तो लगेच सांगणार नाही, आणि गंमत म्हणजे पाण्याचा सेन्सर कोरडा पडला तर पाण्याचा काटाही खाली येऊ शकतो. तिन्ही काटे चालू हवेत. आउटबोर्डच्या होड्यांना यातलं काही लागू नाही.

खर्च काही हजारांचा आहे. बंद पडलेली बोट ओढून आणायला दुसऱ्या बोटीचं डिझेल, तिचा बुडालेला दिवस, वितळलेला बर्फ, नरम पडलेली मासळी, मग हेडचं काम आणि तेवढे दिवस घरी बसलेले खलाशी, याच्याशी तो ताडून बघा. संस्थेने एकाच जातीचे मीटर आणि वायर एकत्र मागवावी आणि मॅनिफोल्ड उतरवून भोक पाडणारा एकच चांगला फिटर ठरवावा, असं आम्ही सुचवतो. ज्यांना हवा आहे त्यांनी इंजिनाचं मॉडेल, बॅटरीचे व्होल्ट आणि इंजिनापासून केबिनपर्यंत वायर किती मीटर लागेल, ते मोजून शेडवर लिहून द्यावं. वायर मोजताना सायलेन्सरपासून लांबून फिरवून मोजा, सरळ रेषेत नको.