धुक्यातली रांग

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. का, ते पुढे कळेलच.

गेल्या जुलैत आम्ही हॉस्टेलमधले चौदाजण पन्हाळा ते पावनखिंड ट्रेकला गेलो. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज रात्रीच्या पावसात निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले, त्या इतिहासाची ही वाट. पन्नास-एक किलोमीटर, दोन दिवसांत. पहिल्या दिवशी करपेवाडी गाठायची होती. वाटाड्या घ्यायचा का, यावर पन्हाळ्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. "मोबाईलमध्ये ट्रॅक आहे, उगाच पैसे कशाला?" ठराव एकमताने पास!

म्हाळुंगे मागे टाकून मसाई पठारावर चढलो आणि धुक्यात शिरलो. खरं तर तो ढगच. समुद्राकडून येणारी दमट हवा सह्याद्रीवर चढताना गार होते आणि वाफेचे थेंब होतात. लांबून बघणाऱ्याला तो ढग दिसतो, आत उभा असेल त्याला धुकं. हवामानवाले एक किलोमीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की धुकं म्हणतात. आम्हाला तर दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं! पुढच्याची सॅक दिसायची, पण त्याच्या पुढचा माणूस नाही. पठार सपाट, पायाखाली जांभा, त्यावर पाऊलखुणाही उमटत नाहीत. मोबाईलचं जीपीएस चालू होतं, पण ओली स्क्रीन बोटाला दाद देईना. शेवटी मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला आणि आम्ही रांगेत.

सगळ्यात पुढे फायनल इयरचा एक सीनियर होता. मी तिसरी. सकाळपासून वारा माझ्या डाव्या गालावर येत होता. मध्येच केव्हातरी लक्षात आलं की तो आता उजव्या गालावर येतोय. वारा फिरला, की आम्ही? डोक्यात आलं, पण तोंडातून काही बाहेर पडलं नाही. सीनियरला कसं टोकायचं? आणि चुकीचं निघालं तर "आली मोठी दिशा दाखवणारी" म्हणून वर्षभर चिडवतील. मी गप्प राहिले आणि पुढच्याच्या सॅककडे बघत चालत राहिले.

साधारण तासाभराने म्हशींच्या घंटा ऐकू आल्या. प्लॅस्टिकची खोळ घेतलेले एक मामा अचानक समोर उभे. मीच विचारलं, माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत, "मामा, पावनखिंडीची वाट हीच ना?"

मामा हसले. "ही तर म्हाळुंग्याची वाट की! माघारी निघालाय तुम्ही." मग आमच्याकडे नीट बघून विचारलं, "शेवटला कोण हाय तुमच्यात?"

कुणालाच सांगता येईना. मोजलं तर तेरा. पुन्हा मोजलं. तेराच.

फर्स्ट इयरचा एकजण मागे राहिला होता. पुढची चाळीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. हाका मारायच्या, थांबायचं, कान द्यायचा. मामा म्हशी सोडून आमच्याबरोबर फिरत होते. शेवटी त्यांनाच डब्यावर दगड आपटल्याचा आवाज आला. बुटाचा तळ सुटला म्हणून तो बांधायला बसला होता. मान वर केली तर कुणीच नाही. नशीब, तो शहाणा निघाला. शोधत फिरला नाही, जागेवर बसून डबा वाजवत राहिला.

परत आल्यावर वाचलं. २००९ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात मात्र ती गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर आली, आणि त्यांना कळलंही नाही. कारण प्रत्येक पावलाची बारीकशी चूक साठत जाते आणि ती दुरुस्त करायला बाहेरची एकही खूण नसते. इंजिनिअरिंगवाल्यांना वेगळं सांगायला नको, रेफरन्स नसलेला सेन्सर असाच भरकटतो.

आमच्या रांगेत चौदा डोकी होती, पण रेफरन्स एकही नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं, पुढच्याला माहीत आहे. आणि सगळ्यात पुढच्याला वाटत होतं, एवढेजण मागून येतायत म्हणजे बरोबरच असणार!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आणि ते ट्रेक ठरवणाऱ्या सगळ्यांनी, सरांनीसुद्धा, ऐकावं. पावसाळी ट्रेकला गावातला वाटाड्या हवाच, आणि त्याचे पैसे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहावेत. वाट माहीत असलेला एक अनुभवी माणूस सगळ्यात शेवटी चालावा आणि दर अर्ध्या तासाने मोजणी व्हावी. आणि "थांबा, मला शंका आहे" म्हणायचा हक्क फर्स्ट इयरपासून सगळ्यांना असावा. त्यावर हसणाऱ्याने रात्रीची भांडी घासावीत!

शेवटचा नियम तर मला लेक्चर हॉलमध्येही हवाय. सर विचारतात, "समजलं का?" साठ माना हलतात, कारण पुढच्या बाकावरची मान हललेली असते. त्यातल्या किती जणांचा वारा तेव्हाच गाल बदलून गेलेला असतो, ते रिझल्टच्या दिवशी कळतं. आम्हाला निदान तासाभरात कळलं.

येत्या जुलैत आम्ही पुन्हा जाणार आहोत. वाटाड्या म्हणून त्याच मामांना विचारायचं ठरलंय. शेवटला कोण, हे त्यांनी विचारलं तर उत्तर तयार आहे. मी.