प्रो कबड्डीचा संघ परदेशात हवा का?

अमेरिकन फुटबॉलची एनएफएल २००७पासून लंडनमध्ये साखळी सामने खेळवते. पण तिथे कायमचा संघ अजून दिलेला नाही. प्रो कबड्डीनेही डिसेंबर २०२४मध्ये मेलबर्नला प्रदर्शनीय सामने भरवले. मग पुढची पायरी परदेशी संघाची?

सध्या तरी नको. २०२४चा हंगाम हैदराबाद, नोएडा, पुण्यात झाला. २०२५चा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्लीत. या दोन्ही हंगामांत यू मुंबा मुंबईत खेळलीच नाही. मातीवर चढाई शिकणारा मालवणचा मुलगा मुंबईला गेला, तरी 'आपला' संघ त्याला दिसत नाही. परदेशात प्रदर्शनीय सामने जरूर व्हावेत. संघ मात्र आधी आपापल्या घरी खेळू द्या.