पवित्र प्रभाकर आणि पेंद्या

माझा नातू इयत्ता सातवीत आहे आणि त्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसे असतात : भिंतीवर चढता येणारी आणि न येणारी. मी दुसऱ्या वर्गात मोडतो. तरीही परवा फराळाच्या ताटावर त्याने मला एका वादात पंच नेमले. जुन्या वीरांच्या कथा मोडून अमेरिकन चित्रपुस्तकवाले त्या पुन्हा पहिल्यापासून मांडतात, त्याला 'रीबूट' म्हणतात. अशा नव्या मांडणीतून लक्षात राहील असे नवे माणूस निघते का, की जुन्याच माणसाला नवा सदरा चढतो?

आता सदऱ्याचेच म्हणाल तर 2004 साली तो प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. 1962 साली जन्मलेल्या स्पायडरमॅनला भारतीय करायचे ठरले. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, बेनकाकांचे भीमकाका, मेकाकूची मायाकाकू, आणि मेरी जेनची चक्क मीरा जैन! पोराला खेड्यातून मुंबईला आणला, धोतर नेसवले, आणि कोळ्याच्या दंशाऐवजी एका योग्याकडून शक्ती देववली. आपल्या रंगभूमीवरची जुनी रूपांतरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही हातोटी ओळखीची वाटेल. साहेबाचे रावसाहेब करायचे, क्लबाचा जिमखाना करायचा, की नाटक मराठी! पवित्र चार अंकांत आटोपला. पुढे 2023 च्या चित्रपटात तो पुन्हा आला तो केसांचा तोरा मिरवीत, आणि 'चाय टी' म्हणणाऱ्या पाहुण्याला, अरे, चाय म्हणजेच टी, असे झापीत. तेवढ्या एका चिडण्याने तो माणसात आला. धोतराने जे साधले नव्हते ते चहाने साधले.

नातवाचा लाडका मात्र माइल्स मोरालेस. 2011 साली कथेच्या एका नव्या शाखेत पीटर पार्करला मारून त्याच्या जागी हा उभा केला. बाप कृष्णवर्णीय, आई पोर्टो रिकोची. पोशाखाची कल्पना जुनीच, पण घर त्याचे स्वतःचे. "आबा, तो पीटरसारखा वागायला जातो आणि त्याला जमत नाही," नातू म्हणाला. मला हे पटले. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ एकविसावा होता. आधीचे वीस कोण, हे आम्ही कधी विचारले नाही. सगळ्यांचा मुखवटा एकच!

बोलता बोलता मी म्हणालो, "आपल्याकडे पेंद्या झाला तसा."

"पेंद्या कोण?"

करंजी हातातच राहिली. भागवतात कृष्णाचे सवंगडी आहेत : श्रीदामा आहे, सुबल आहे, स्तोककृष्ण आहे. पेंद्या नाही. तो आपल्या मराठी मुलखाने कृष्णकथा पुन्हा मांडताना जन्माला घातला. पायाने अधू, बोलायला बोबडा आणि शिदोरीवर डोळा. आमच्या शेवगावच्या बाजूने गोदावरी ओलांडली की पैठण. तिथे नाथांनी सोळाव्या शतकात गवळणी रचल्या. पुढे तमाशाने गवळणींच्या पुढे मावशी चालवली. लुगडे नेसलेला हा पुरुष मथुरेच्या बाजाराला निघालेल्या पोरींची राखण करतो आणि कृष्णाशी दोन हात करायला पदर खोचून उभा राहतो. तिलाही पोथीत ठिकाण नाही. पण तमाशाच्या कनातीत देव आला तर लोक हात जोडत, मावशी आली तर सरसावून बसत.

गेल्या चैत्रात पारनेरकडच्या एका जत्रेला मी नातवाला घेऊन गेलो होतो, हे तेव्हा आठवले. (2024 पासून आमचा जिल्हा अहिल्यानगर झाला, एस.टी.त मात्र 'एक नगर' म्हटले की तिकीट अजून बरोबर मिळते.) गण झाला, गवळण उरकली. उरकली हाच शब्द खरा, कारण पोरांची सिनेमाच्या गाण्यांसाठी ओरड चालली होती. मावशी आली, कांद्याच्या भावावरून एक टोला मारला, आणि पाच मिनिटांत आत गेली. पेंद्या आलाच नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने, "संपलं व्हय?" असे मला विचारले. जणू फडाचा मालक मीच! नातवाला पेंद्या ठाऊक नाही यात त्याचा काय दोष? मी त्याला सांगितलाच केव्हा होता?

मग सांगितला. पेंद्याची बोबडी, त्याचे कृष्णामागून लंगडत धावणे, मावशीने त्याचा कान धरणे, जे जे आठवले ते सगळे. आवाजही काढून दाखवले. सूनबाई स्वयंपाकघरातून डोकावून गेली. नातू हसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते.

"त्याचं घर कुठं होतं?"

"गोकुळात."

"ते कृष्णाचं. पेंद्याच्या आईचं नाव काय?"

आईपर्यंत कोणी पोचलेच नव्हते. सगळ्यांनी त्याला रस्त्यातच ठेवला, मथुरेच्या वाटेवर. तसे मी कबूल केले.

संध्याकाळी दिवे लावताना पाहतो, तर पोराची वही जोत्यावर उघडी पडलेली. पानावर काठी टेकीत चाललेला एक मुलगा होता, मागे खोपटे, आणि दारात उभी असलेली बाई त्याला हाक मारीत होती. तिच्याखाली त्याने नाव घातले होते : सरूबाई.