घरास काचेची खोली जोडावी काय?

ज्या शेतकरी बंधूंच्या मनात घरास काचेची खोली जोडण्याचा विचार घोळत असेल, त्यांनी आधी हवामान पाहावे, अशी आमची विनंती आहे. विलायतेत ऊन दुर्मिळ, म्हणून तेथे अशी खोली सुखाची होते. देशावर वैशाखात तीच काच ऊन आत घेते, उष्णता मात्र बाहेर सोडीत नाही; खोलीची भट्टी होते. तोच पैसा पश्चिमेच्या पडवीस लावल्यास भिंतीस सावली मिळते, अवजारे कोरडी राहतात व पाहुणाही बसतो. घर शेतजमिनीत असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम ४१ वाचूनच पाया खणावा. पीक हाती येण्यापूर्वी शोभेसाठी कर्ज काढणे मात्र आम्हांस सर्वथा अनिष्ट वाटते.