गरज कोणाची आणि ती ठरवणार कोण?



तीर्थपुरीत आमच्या वस्तीतल्या एका अ‍ॅट्रॉसिटी प्रकरणात विशेष न्यायालयाने आरोपींचा जामीन नाकारला. आरोपी कलम 14अ खाली उच्च न्यायालयात अपिलात गेले आणि तिथला आदेश इंग्रजीत आला. पीडीएफ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली, बारावी झालेली पोरं समोर बसली होती. जामीन झाला, एवढं शेवटच्या ओळींवरून कळलं. अटी कोणत्या, आरोपीला गावात यायची मुभा आहे की नाही, हे समजायला वकिलाच्या फोनची वाट पाहावी लागली. कलम 15अ पीडिताला जामिनाच्या सुनावणीत म्हणणं मांडायचा हक्क देतं. पण जो कागद वाचताच येत नाही, त्यावर म्हणणं काय मांडणार?

पोरं मठ्ठ नाहीत. त्यांना जे शिकवलं, तेच त्यांना येतं.

2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय बहुजनांच्या हिताचाच होता. तेव्हा इंग्रजी कधीपासून यावर वाद झाला. कोणतं इंग्रजी, हे आम्हीही विचारलं नाही. ही आमची चूक.

अभ्यासक्रम रचण्याच्या पद्धती अनेक. आधी वाक्यरचना एकेक करून घोटून घेत. मग 1976 मध्ये विल्किन्स यांनी व्याकरणाऐवजी माणूस भाषेतून काय साधतो यावर रचना करायला सांगितलं: विनंती करणं, माफी मागणं, रस्ता विचारणं. 1978 मध्ये मन्बी म्हणाले, आधी शिकणाऱ्याची गरज मोजा. ऐकायला छान! पण आमच्या पोराची गरज मोजणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय असतं? दुकानाचं काउंटर, हॉटेल, कॉल सेंटर. 'मे आय हेल्प यू' म्हणता आलं की शिक्षण झालं! स्पोकन इंग्लिशचे क्लास हेच विकतात, आणि आपलेच कार्यकर्ते त्यांची उद्घाटनं करतात. बाबासाहेबांचं इंग्रजी हे सेवा देणाऱ्याचं नव्हतं, हरकत घेणाऱ्याचं होतं.

गरज कशी ओळखावी, हे जोतीरावांकडून शिका. 1882 च्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेसाठी बाळबोधीबरोबर मोडी मागितली, हिशेब मागितला, शेतीची माहिती मागितली. मोडी का? कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत, सावकाराचा कागद मोडीत. ज्या लिपीत फसवणूक होते ती लिपी पोराला आली पाहिजे. आणि हे निवेदन त्यांनी दिलं इंग्रजीत! आज आपली मोडी इंग्रजी आहे. अनुच्छेद 348 प्रमाणे संसद वेगळी तरतूद करेपर्यंत उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीतच चालणार. अनुवाद मागूच, पण तोवर काय?

काहीजण म्हणतील, खेड्यातल्या पोरांना हे झेपणार नाही. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत बंगलोर प्रकल्प चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांपुढे नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं ठेवली आणि कोडी सोडवायला लावली. डोकं कामात गुंतलं की भाषा मागून येते, हा त्यांचा दावा. आमच्या भागाला ही पद्धत आणखी एका कारणाने लागू पडते. दिवाळीच्या सुमाराला आईबापासोबत ऊसतोडीला गेलेलं पोर चार-पाच महिन्यांनी परततं, तेव्हा धड्यामागून धडा ही साखळी तुटलेली असते. स्वतंत्र कामांच्या अभ्यासक्रमात ते कुठूनही आत शिरू शकतं. शिक्षकांवर बोजा वाढेल हे खरं आहे. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना तयार साहित्य दिल्याशिवाय हे होणार नाही, आणि ते साहित्य सरकारने द्यावं यासाठी भांडावं लागेल.

आठवीपासून इंग्रजीच्या तासाला कर्जाचा करार, शिष्यवृत्तीचे नियम, औषधाच्या वेष्टणातली चिठ्ठी आणि न्यायालयाचा आदेश आलाच पाहिजे.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. या रविवारी आम्ही वस्तीतल्या पोरांसमोर तोच आदेश ठेवणार आहोत, नावं काळी करून. प्रश्न तीनच: अटी किती? आरोपीला कुठे जायला बंदी आहे? त्याने अट मोडली, तर आपण कोणाकडे जायचं?