केजीएफला रॉकीची गरज कधीच नव्हती

‘केजीएफ’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दाढीवाला यश, हातातला हातोडा, काळी धूळ आणि त्या धुळीत मान खाली घालून राबणारे गुलाम. मुंबईहून एक हिरो येतो आणि त्यांना सोडवतो.

सिनेमा खोटं सांगतो ही माझी तक्रार नाही. सिनेमाने खुशाल थापा माराव्यात. पण ही थाप खऱ्या माणसांची खरी कमाई लाटते, आणि ती कमाई सोन्याची नाही.

आधी जागा बघू. कोलार गोल्ड फील्ड्स बंगळुरूच्या पूर्वेला साधारण १०० किलोमीटरवर आहे, आंध्र आणि तमिळनाडूच्या सीमांजवळ. इथली सोन्याची शीर उत्तर-दक्षिण पसरलेली आणि जमिनीत जवळजवळ उभी उतरलेली. म्हणून गावही लांबट. बंगारपेटहून निघणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर एकामागून एक स्टेशनं लागतात: कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम. यातली बहुतेक खाणींचीच नावं. शीर खाली गेली तशी माणसंही तिच्यामागे खाली गेली. चॅम्पियन रीफची खाण ३ किलोमीटरपेक्षा खोल आहे. तिथला खडक ६० अंशांच्या वर तापलेला असायचा, आणि दाबाने कधी अचानक स्फोटासारखा फुटायचा. त्यातून वाचलेल्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ साठायची.

आता इतिहास. सिनेमात सोनं सापडतं १९५१ साली. प्रत्यक्षात लेफ्टनंट जॉन वॉरनने १८०२ मध्येच इथल्या सोन्याची नोंद केली होती. जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी १८८० मध्ये आली. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून थेट खाणींसाठी वीज आली, देशातल्या बहुतेक शहरांत दिवे लागायच्या आधी. आणि १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. म्हणजे पडद्यावर रॉकी ज्या काळात गुलामांना सोडवतो, त्या काळात खरी खाण सरकारी होती. तिथे पगार होता, युनियन होत्या, संप होते.

हे कुणी दान दिलेलं नव्हतं. खाणीत उतरणारे बहुतेक कामगार तमिळ दलित होते, जातीच्या जाचातून आणि दुष्काळातून निघून आलेले. कंपनीने साहेबांना बंगले आणि क्लब दिले, यांना चटईच्या भिंतींच्या झोपड्यांच्या रांगा. १९३० मध्ये कंपनीने बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायचं ठरवलं, तेव्हा हजारो कामगारांनी तीन आठवडे काम बंद ठेवलं. तेव्हा त्यांच्याकडे धड युनियनही नव्हती. आपण गुन्हेगार नाही, एवढं त्यांना नीट कळत होतं. अयोती दास यांच्या बौद्ध चळवळीची शाखा मारिकुप्पममध्ये होती, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी. पुढे याच गावाने कम्युनिस्ट आमदार निवडून दिले आणि रिपब्लिकन पक्षाचेही.

अशा माणसांना पडद्यावर मुकं करून टाकलं. ज्यांनी स्वतः कंपनीला अडवलं, त्यांना उद्धारकर्त्याची वाट बघायला बसवलं.

‘अरे, एंटरटेनमेंट आहे!’ असं कुणी म्हणेल. मग नाव कशाला हवं होतं? सिनेमातली नराची खाण काल्पनिकच आहे, पोस्टरवरही तेच नाव टाकायचं. पण ‘केजीएफ’ या तीन अक्षरांत वजन आहे, आणि ते वजन त्या कामगारांनीच आणलंय.

मुंबईचा धागाच हवा होता, तर तोही होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वैज्ञानिकांनी १९६५ मध्ये याच खाणीत, २ किलोमीटरहून जास्त खोलीवर, वातावरणातून येणारे न्यूट्रिनो टिपले. असे न्यूट्रिनो टिपणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक होता. पण त्यात मशीनगन नाही.

दुसरी थाप जरा सभ्य आहे: ‘लिटल इंग्लंड’ची. जुने बंगले, गोल्फचं मैदान, थंड हवा, हळवे फोटो. त्या फोटोंमध्ये झोपड्यांच्या रांगा सहसा नसतात.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. सुमारे १२० वर्षांत ८०० टनांहून जास्त सोनं निघालं होतं. ते गेलं. गावात राहिले ते सायनाइडने सोनं धुऊन उरलेल्या मातीचे डोंगर. वारा सुटला की ती माती घरांत, डोळ्यांत जाते. सिनेमाचं शूटिंग याच ढिगांवर झालं, आणि आता तिथे रील्स बनतात. खाण कामगारांची मुलं मात्र पहाटेची गाडी पकडून बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात.

सिनेमा पुन्हा बघा, शिट्ट्याही मारा. पण तिथे गुलाम होते असं कुणी सांगितलं, तर त्याला १९३० चा संप सांगा. आणि ते ढीग अजून तिथेच का आहेत, हा प्रश्न सरकारला विचारा. गावातली माणसं तो केव्हापासून विचारतायत.