आपली नोंद आपणच लिहू या



ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बाईजातीवर तोंडसुख घेतले, तेव्हा ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्यांनी सडेतोड जबाब दिला. साल १८८२. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण पुढे पुस्तक विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत. मधल्या ९३ वर्षांत किती पिढ्यांच्या बायका ते न वाचताच गेल्या!

दुसरबीडच्या बचत गटांत बोलताना मला हे वारंवार जाणवते. जिजाऊंचे सिंदखेडराजा आमच्याच तालुक्याचे ठिकाण, ते सगळ्यांना ठाऊक. ताराबाईंचे नाव मात्र क्वचितच कोणी ऐकलेले असते. शिकणाऱ्या मुली आता माहिती हवी असली की मोबाईलवर विकिपीडिया उघडतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तो कोणीही वाचावा, कोणीही लिहावा, अशी त्याची रीत. तरी २०११ च्या विकिमीडियाच्या जागतिक पाहणीत संपादकांमध्ये स्त्रिया दहा टक्क्यांहूनही कमी निघाल्या. डोना स्ट्रिकलँड यांना २०१८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी, काही महिने आधी, त्यांच्यावरचा लेख पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला होता. नोबेलच्या तोडीच्या बाईची ही गत, तर आपल्या गावच्या कार्यकर्तीची काय कथा?

म्हणून आपण लिहायला बसले पाहिजे. खाते उघडायला पैसे लागत नाहीत, पदवी कोणी विचारत नाही, खरे नाव द्यायचीही सक्ती नाही. सरावासाठी ‘धूळपाटी’ नावाचे पान आहे. तिथे हवे तितके गिरवावे. पहिल्याच दिवशी नवा लेख घेऊ नये. असलेल्या लेखातली चुकीची तारीख सुधारावी, बिनसंदर्भाच्या वाक्याला संदर्भ जोडावा. कोणी आपले लिखाण खोडले तर हिरमुसू नये. चर्चा पानावर कारण विचारावे. प्रत्येक बदल ‘इतिहास’ या पानावर राहतो.

तिथे घोषणा चालत नाहीत, आपल्याच संस्थेचे गुणगान चालत नाही, आणि प्रत्येक विधानाला प्रसिद्ध झालेला आधार लागतो. खरी अडचण इथेच आहे. दारूबंदीसाठी, पाण्यासाठी, परित्यक्तांच्या हक्कांसाठी बायका रस्त्यावर आल्या, त्यातले छापून आले किती? म्हणून आपल्या चळवळीच्या पुस्तिका, परिषदांचे अहवाल, नियतकालिकांचे जुने अंक रद्दीत जाता कामा नयेत. अशा छोट्या प्रकाशनांचा आधार मानावा की नाही, यावर तिथे वाद होईल. तो वाद आपण नेटाने घालायचा आहे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळू या. आपल्या केंद्रात आलेल्या बाईची हकिगत तिने आपल्याला विश्वासाने सांगितलेली असते. ती तिथे जाता कामा नये. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणे तर कायद्यानेही गुन्हा आहे.

पुढचा अंक निघेपर्यंत प्रत्येक गटाने आपल्या जिल्ह्यातली एक स्त्री निवडावी, तिच्याविषयी छापून आलेले जमवावे आणि दोघी-तिघींनी मिळून चार ओळी का होईना, नोंदवाव्यात. कोणाची नोंद झाली, काय खोडले गेले, ते आम्हाला जरूर कळवा. त्यासाठी पुढच्या अंकात पाने राखून ठेवली आहेत.